‘नकाशा’, ‘मोजणी’ की आणखी काही? : फ्लोअर प्लॅन आणि मेजर्ड सर्व्हे

महालकर
नागपूरच्या महाल भागातला आमचा जुना वाडा दुरुस्तीला काढतोय. आर्किटेक्टच्या कोटेशनमध्ये ‘फ्लोअर प्लॅन’ आणि ‘मेजर्ड बिल्डिंग सर्व्हे’ असे दोन वेगळे पर्याय आहेत आणि दुसरा बराच महाग आहे. काका म्हणतात, “नकाशा आहे ना आपल्याजवळ, मंग पुन्हा मोजणी कायले?” मराठीत या दोन्हींना वेगळे शब्द आहेत का? की एकाच गोष्टीची दोन बिलं?

ओळंबा
एकच नाही. फ्लोअर प्लॅन हे एक चित्र, सर्व्हे हे काम. मजल्यापासून मीटर-सव्वा मीटर उंचीवर इमारत आडवी कापली असं धरायचं आणि वरून पाहायचं. मग भिंती, दारं, खिडक्या, जिना असं जे दिसतं तो फ्लोअर प्लॅन. प्लॉटवर नुसतं गवत असलं तरी तो काढता येतो. बिल्डरच्या माहितीपत्रकात सोफा, पलंग, कुंड्यांसकट छापतात तोही फ्लोअर प्लॅनच.

सर्व्हेला मात्र इमारत उभी असावी लागते. टेप, लेझर मीटर, मोठं काम असेल तर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) किंवा स्कॅनर घेऊन जागेवर जे आहे ते मोजायचं. त्यातून प्लॅन निघतोच, शिवाय दर्शनी बाजू, उभे छेद (इमारत उभी कापली तर दिसेल ते चित्र), फरशीच्या पातळ्या, भिंतींची जाडी, तुळया, छताची उंची हेही कागदावर येतं. म्हणजे प्लॅन हा सर्व्हेचा एक कागद झाला.

जुन्या वाड्यात याची किंमत कळते. 12 बाय 10 फुटांची खोली गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात असेल तर तिचे दोन्ही कर्ण साधारण 15 फूट साडेसात इंच भरायला हवेत. एक जास्त, एक कमी भरला की खोली तिरपी. चार भिंतींची मापं बरोबर असूनही हे कळत नाही, म्हणून कर्ण मोजायचेच. आणि मोजताना टेपचा शून्य एकाच कोपऱ्यावर धरून पुढचे आकडे सलग वाचायचे. प्रत्येक तुकडा वेगळा मोजून बेरीज केली की प्रत्येक तुकड्याची चूक साठत जाते. नवीन पोरं नेमकं तेच करतात.

इतवारीकर
मग ‘मोजणी’ म्हणा ना सरळ. चांगला मराठी शब्द आहे.

चुंगीनाका
चांगला आहे, पण आधीच कामाला लागलेला आहे भाऊ! मोजणी म्हटलं की भूमी अभिलेख कार्यालय, हद्द कायम आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत. ती जमिनीची. आखीव पत्रिकेवरही (प्रॉपर्टी कार्ड) प्लॉटचं क्षेत्रफळ असतं, तुमच्या माजघराची भिंत नसते. “वाड्याची मोजणी करायची आहे” असं काकांना सांगाल तर ते शेजाऱ्याशी हद्दीचा वाद निघाला असंच समजतील.

‘सर्वेक्षण’ म्हणाल तर लोकांना मालमत्ता कर आठवतो. आणि ‘घराचा ले-आउट’ तर नागपुरात अजिबात नको. इथे ले-आउट म्हणजे वस्ती: पांडे ले-आउट, हिवरी ले-आउट. गुंठेवारीतल्या माणसाला “ले-आउट दाखवा” म्हटलं तर तो आर.एल. ची, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राची फाईल काढेल.

इतवारीकर
बरं, मोजणी मागे घेतो. पण मंजूर नकाशा घरात असताना सर्व्हे कशाला, हा काकांचा प्रश्न राहिलाच की.

ओळंबा
मंजूर नकाशा म्हणजे परवानगी. महानगरपालिकेने किंवा नासुप्रने (नागपूर सुधार प्रन्यास) एवढं बांधा म्हटलं, त्याचा तो कागद. त्यानंतर गच्चीवर खोली चढली, न्हाणीघर मागे सरकलं, व्हरांड्याला जाळी लागली, हे त्यात कुठून येणार? शिवाय नकाशातली 9 इंची भिंत ही विटेची. दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरलं की ती इंचभर तरी वाढते. नव्या फ्लॅटमध्येही हाच गोंधळ होतो. रेरा कायद्यातल्या (2016) चटई क्षेत्रात (कार्पेट एरिया) आतल्या आडभिंती धरतात, बाहेरच्या भिंती धरत नाहीत. तेव्हा कोणती भिंत कुठे संपते हे महत्त्वाचं ठरतं.

महालकर
समजलं. पण काकांना कोणता शब्द सांगू?

चुंगीनाका
‘आहे त्या घराचा मोजून काढलेला नकाशा’. लांब आहे, पण गैरसमज होत नाही. ऑफिसात बहुतेक जण ‘एक्झिस्टिंग’ एवढंच म्हणतात: “एक्झिस्टिंग काढलं का?” ‘एज-बिल्ट’ही ऐकू येतं, पण तो शब्द नव्या इमारतीसाठी ठेवा. बांधकाम संपल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते दाखवणारी ड्रॉइंग्ज म्हणजे एज-बिल्ट. शंभर वर्षांच्या वाड्याला ते नाव शोभत नाही.

ओळंबा
शब्दापेक्षा कोटेशन नीट वाचा. उभे छेद किती, पातळ्या देणार का, स्केल 1:50 की 1:100? 1:100 ला एक सेंटिमीटरचा फरक कागदावर 0.1 मिलिमीटर होतो, म्हणजे दिसतच नाही. नुसत्या रंगरंगोटीला आणि फरशीला साधा प्लॅन पुरेल, सर्व्हेचे पैसे देऊ नका. तुळया बदलायच्या असतील किंवा भिंत काढायची असेल तर छेद हवेतच. आणि ‘मेजर्ड सर्व्हे’ लिहून एकच कागद देणार असतील, तर तो फ्लोअर प्लॅनच आहे. त्याच भावात मागा.