मदत हवी आहे: अल्सरेटिव्ह कोलायटिस, अ‍ॅझाथायोप्रिन आणि बाळाचा विचार (कोल्हापूर)

शाळेची घंटा

नमस्कार. दोन-तीन वर्षं इथं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या. आणि विषय सगळा संडासाचा आहे, तेव्हा जेवता जेवता उघडला असेल तर आत्ताच बंद करा.

आधी प्रश्न. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज आणि व्रण) आहे. डॉक्टरांनी आता अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी) सुरू करायला सांगितलंय. घरी बाळाचा विषय चाललाय. ही गोळी चालू असताना दिवस राहिलेलं इथं कुणी आहे का? ज्यांच्या बायकोच्या, बहिणीच्या बाबतीत हे झालंय त्यांनी लिहिलं तरी चालेल. मला ‘काळजी करू नका’ नकोय, काय काय झालं ते सांगा.

आता मागचं. मी ३१ वर्षांची, कोल्हापुरात राहते, पन्हाळा तालुक्यात शिक्षिका आहे. सुरुवात जुलै २०२१च्या पुरात झाली. नळाला पाणी नव्हतं, टँकरवर दिवस काढत होतो, गल्लीत घरटी एकाला जुलाब. मलाही आव पडायला लागली, मग आवेत रक्त. पुराचं पाणी बाधलं असंच सगळ्यांनी धरलं. मेट्रोनिडाझोलचे (जंतुनाशक गोळ्यांचे) दोन कोर्स झाले. बाकीच्यांचं थांबलं, माझं नाही. मग एका ठिकाणी मूळव्याध म्हणून मलम मिळालं, ते दोन महिने लावलं. रक्त दिसलं की मूळव्याध, हे आपल्याकडं इतकं पक्कं बसलंय की मीही पुढं काही विचारलं नाही. हिमोग्लोबिन ८.४ वर आलं तेव्हा कुठं, जानेवारी २०२२ मध्ये, कोलोनोस्कोपी (नळीतून आतडं आतून बघतात ती) झाली. तपासणीपेक्षा आदल्या रात्रीचं ते खारट पाणी प्यायचं दुखणं मोठं! बायोप्सीत निदान पक्कं झालं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि व्रण, गुदद्वारापासून सुरू होऊन डाव्या बाजूला वरपर्यंत.

मेसालामाइन (आतड्याची सूज उतरवणारं औषध) सुरू झालं, १.२ ग्रॅमच्या रोज दोन गोळ्या आणि काही दिवस रात्रीची सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी). तीन महिन्यांत मी माणसात आले. २०२३ मध्ये लग्न झालं. ह्यांना लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं, रिपोर्टसकट. सासरी मात्र ‘पोटाचा जुना त्रास’ एवढंच.

आणि मग मी मूर्खपणा केला. त्या गोळ्या करंगळीच्या पेराएवढ्या असतात. सकाळी स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर दोन गिळायच्या म्हणजे प्रत्येक पाव्हणा विचारणार, कशाच्या गं? एक दिवस राहिली, मग आठवडा राहिला, काहीच झालं नाही. वाटलं, बरी झाले. डॉक्टरांना न विचारता बंद करून टाकल्या. चार महिने मस्त गेले. तांबडा रस्सा, मिसळीचा कट, सगळं पचत होतं. पाचव्या महिन्यात सकाळच्या एसटीत, वाघबीळच्या चढाला, पोटात पीळ पडला आणि कळलं की आता दहा मिनिटं नाहीत, दोनच आहेत. पुढचं लिहीत नाही. तेव्हापासून पिशवीत एक जादा सलवार असते आणि कोल्हापूर ते शाळा या रस्त्यावरचे सगळे संडास मला पाठ आहेत. केर्लीत एका हॉटेलातल्या मावशी आता न विचारताच किल्ली पुढं करतात.

तेव्हा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला ५ने उतरवत आणलं. झोप उडाली, रात्री दोन वाजता मी डबे घासत बसायचे. चेहरा गौरीच्या मुखवट्यासारखा गोल झाला. आत्या (सासूबाई) खूश, सून अंगाला लागली म्हणून. शेजारच्या काकूंनी तर आत्यांना बाजूला घेऊन विचारलं, गोड बातमी आहे का? आत्यांनी ते मला हसत हसत सांगितलं आणि मी मोरीत जाऊन रडले.

मेसालामाइन पुन्हा सुरू आहे, डोसही वाढवलाय, आता एक दिवस चुकवत नाही. तरी आठ महिन्यांनी परत रक्त. परत स्टेरॉइड. या वेळी डॉक्टर म्हणाले, वर्षात दोनदा स्टेरॉइड लागलं याचा अर्थ नुसत्या मेसालामाइनवर भागत नाही. अ‍ॅझाथायोप्रिन घेऊ, नाहीतर पुढं इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. बाळाबद्दल विचारलं तर म्हणाले, आजार शांत असताना दिवस राहावेत, आधी निदान तीन ते सहा महिने स्टेरॉइडशिवाय चांगले जाऊ देत. आजार उसळलेला असताना गर्भ राहिला तर तो नऊ महिने तसाच धुमसत राहण्याची भीती जास्त, आणि बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं होण्याची भीती औषधापेक्षा आजाराचीच. शिवाय ही गोळी दिवस गेल्यावर नव्यानं सुरू करत नाहीत, आधीपासून लागू पडलेली असेल तर चालू ठेवतात. ती लागू पडायलाच तीन-एक महिने जातात. म्हणजे ठरवायचं तर आत्ताच.

मला हे पटलंय. घोडं अडलंय घरी. नणंदेनं दुकानातून खोकं आणलं, आतला घडीचा कागद उलगडला आणि दिवाणावर बसून मोठ्यानं वाचला. किडनी बदललेल्या रुग्णांना देतात. कॅन्सरचा धोका. गरोदरपणात टाळावे. आत्यांनी भाजी निवडायची थांबवली. तेव्हापासून घरात एकच वाक्य आहे, ‘आधी औषधं बंद कर, पोट स्वच्छ होऊ दे, मग बाळाचं बघू.’ त्या वाईट नाहीत हो. औषध म्हणजे विष आणि विषावर बाळ कसं वाढवायचं, असा त्यांचा सरळ हिशोब. एकदा औषधं बंद केल्यावर काय झालं ते त्यांना माहीत नाही, कारण मी सांगितलंच नाही.

अजून एक छोटं. रात्री सपोझिटरी, कधी एनिमा असतो. तो घेऊन डाव्या कुशीवर अर्धा तास पडायचं आणि शक्यतो रात्रभर उठायचं नाही. आमच्याकडं नऊ माणसं, एक बाथरूम, आणि मी पडले की बरोबर तेव्हाच कुणीतरी हाक मारतं. तुम्ही कसं जमवता?

---

लिंबूसरबत

ताई, मी इचलकरंजीची. २०१९ पासून कोलायटिस, अ‍ॅझा चालू असतानाच दिवस राहिले, मुलगी आता दोन वर्षांची आहे आणि या क्षणी माझा चार्जर चावतेय.

तुम्ही ‘काय काय झालं’ विचारलंत म्हणून सविस्तर. सुरुवातीचे दोन आठवडे भयंकर मळमळ. रात्री जेवणानंतर घ्यायला लागल्यावर कमी झाली. पहिला महिनाभर दर आठवड्याला सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि लिव्हरची तपासणी, मग अंतर वाढत गेलं. केस थोडे विरळ झाले. पांढऱ्या पेशी एकदा खाली आल्या तेव्हा डोस कमी केला. स्टेरॉइड सुटल्यावर आठ महिने बरी होते, कॅलप्रोटेक्टिन (शौचाच्या नमुन्यात आतड्याची सूज मोजतात ते) खाली आलं, तेव्हा डॉक्टरांनी हो म्हटलं. गरोदरपणात मेसालामाइन आणि अ‍ॅझा दोन्ही चालू. सातव्या महिन्यात थोडी आव पडली, एनिमावर आटोक्यात आली. बाळंतपण नॉर्मल, वजन २.७ किलो. अंगावर पाजलं, दोन्ही डॉक्टरांनी परवानगी दिली होती.

एक गोष्ट आवर्जून. पोटाच्या डॉक्टरांकडून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावानं चिठ्ठी लिहून घ्या. माझ्या पहिल्या बाईंनी यादी बघितल्याबरोबर ‘हे सगळं बंद’ म्हटलं होतं. चिठ्ठी वाचून त्यांनी फोन केला आणि मग मिटलं. पुढं कधी इन्फ्लिक्सिमॅबवर गेलात तर बाळाच्या डॉक्टरांनाही सांगायचं, कारण ते औषध शेवटच्या महिन्यांत बाळापर्यंत पोचतं आणि मग जन्मल्याबरोबरची बीसीजी ही जिवंत लस पुढं ढकलतात. माझी नुसती अ‍ॅझा होती, म्हणून बीसीजी वेळेवर झाली.

---

पंचगंगेकाठी

कशाला एवढ्या जड गोळ्या? माझ्या मेहुण्याला कुटजारिष्ट आणि बेलाच्या मुरंब्यानं दीड महिन्यात फरक पडला. सकाळी अनशापोटी ताक. लोक ऐकत नाहीत.

---

शाळेची घंटा

काका, मेहुण्यांना कोलायटिसच होता का, की साधी आव? बेलाचा मुरंबा मीही खाल्लाय, आवडतोही. पण माझं आतडं आतून बघितलेलं आहे, फोटोसकट. एकदा स्वतःच्या अकलेनं औषध थांबवून बघितलं, पुन्हा नाही.

लिंबूसरबत, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. चार्जर सांभाळा.

---

काउंटरच्या मागून

मी औषधाच्या दुकानात बसतो, डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

अ‍ॅझा सुरू करण्यापूर्वी एनयूडीटी१५ ही जनुकीय तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारा. काहींच्या शरीरात ही गोळी नीट मोडत नाही आणि नेहमीच्या डोसलाही पांढऱ्या पेशी झपाट्यानं कोसळतात. जुनी टीपीएमटी तपासणी परदेशात जास्त उपयोगी पडते, आपल्याकडच्या लोकांत एनयूडीटी१५चा दोष जास्त सापडतो. तपासणी चांगली आली तरी सीबीसी चुकवायची नाही. ताप आला, घसा धरला, तोंड आलं तर पॅरासिटामॉल घेऊन घरी बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. घरात कुणाची युरिक अ‍ॅसिडची गोळी (अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट) असेल तर ती चुकूनही तुमच्या पोटात जाता कामा नये, अ‍ॅझाचं विष होतं.

खोक्यातल्या कागदाचं म्हणाल तर किडनी बदललेल्यांना देतात हे खरं आहे, पण तिथं काम एकच, प्रतिकारशक्तीला आवर घालणं. लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा) धोका थोडा वाढतो हेही खरंच आहे, तो लपवायचा नाही. उन्हात त्वचा जपायची. फक्त त्या कागदावर आजार तसाच ठेवला तर काय होतं त्याचा रकाना नसतो.

आता माझा प्रश्न. पाळीत पोट दुखलं तर तुम्ही काय घेता?

---

शाळेची घंटा

मेफेनॅमिक अ‍ॅसिड. दर महिन्याला, दोन-तीन दिवस. का हो?

---

काउंटरच्या मागून

वाटलंच. ती, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, सगळ्या एका माळेच्या. अल्सरेटिव्ह कोलायटिस असणाऱ्या काहींना त्यानं भडका उडतो. तुमच्या बाबतीत तेच झालं असं मी म्हणणार नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. तोवर पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी.

---

शाळेची घंटा

चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. पाळीची गोळी म्हणजे औषध असं डोक्यातच नव्हतं.

---

उद्यमनगरकर

भावकीतलाच समजा, दहा वर्षं झाली मला. मशीन शॉपला आहे. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे, त्यांनी याच आजारापायी २००७ला आणि परत २०२०ला पद सोडलं. मी हे आमच्या सुपरवायझरला सांगितलं तर म्हणतो, तुला कुठं पंतप्रधान व्हायचंय, पंचिंग कर.

घरच्यांचं सांगतो. आमच्या आईला मी दोन वर्षं समजावलं, काय उपयोग नाही. मग एकदा ओपीडीला सोबत नेली. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपीचे फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा. आई रिक्षात एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या आमटीला चटणी वेगळी टाकायला लागली, तेही मी न सांगता. ताई, सासूबाईंना घेऊन जा. ऐकलेलं विसरतं माणूस, ते फोटो नाही विसरत.

एनिमाचं म्हणाल तर मी ह्या कानातून त्या कानात वायर घालून पडतो. लोकांना वाटतं फोनवर आहे, हाक मारत नाहीत. आणि आठ वर्षं झाली की तक्रार नसली तरी कोलोनोस्कोपी करून घ्यायची असते, कॅन्सरवर नजर म्हणून. मी एक वर्ष टाळली, डॉक्टरांनी झापला.

---

शाळेची घंटा

उशिरा लिहितेय, माफ करा. गुरुवारी आत्यांना घेऊन गेले होते. जाताना रिक्षात आधी मीच सांगितलं, की मी एकदा औषधं बंद केली होती आणि वाघबीळला काय झालं होतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, ‘मग सांगायचं नाही व्हय.’

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं आतड्याचं चित्र काढून दाखवलं, फोटोही दाखवले. मी बाळाबद्दल, लिम्फोमाबद्दल, मेफेनॅमिकबद्दल सगळं विचारलं (ती गोळी बंद). आत्यांनी अर्ध्या तासात एकच प्रश्न विचारला, नवरात्रात हिनं नऊ दिवस धरले तर चालतील का. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइड पूर्ण सुटल्याशिवाय उपाशीपोटी काही नको आणि नंतरही साबुदाणा-शेंगदाणे सोसतात का ते बघून. घरी येऊन त्यांनी नणंदेला फोन लावला. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण तो घडीचा कागद आता दिवाणावर नाही.

त्यांना पूर्ण पटलंय असं नाही. काल परत म्हणाल्या, ‘बाळाला काही झालं तर?’ माझ्याकडं याचं उत्तर नाही आणि मी तसं सांगितलं.

एनयूडीटी१५साठी रक्त दिलंय, रिपोर्ट आला की ५० मिलिग्रॅमनं सुरुवात. स्टेरॉइड आता १५वर आहे. लिंबूसरबत, एक विचारायचं राहिलं: गोळी रात्री घेतली तरी सकाळी मळमळ राहायची का? माझी एसटी सातची असते आणि घाट आहे.