लिखाणाच्या आधी बोटं

‘छोट्या गटातच पानभर लिहून घेते ती शाळा चांगली’ हे बालवाडी निवडण्याच्या चर्चेत एका ताईंनी लिहिलेलं मला अजिबात पटलं नाही. साडेतीन वर्षांच्या पोराच्या मनगटातली हाडंसुद्धा पुरती तयार नसतात हो! २०२०च्या शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं हा सगळा एकच पायाभूत टप्पा धरलाय, आणि पहिलीला ६ पूर्ण लागतात. मग घाई कसली?

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला शाळा बघत फिरत होते तेव्हा एका साध्याशा बालवाडीत बाईंनी पोरांपुढे सुपात भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या होत्या. अंगठा नि तर्जनीत धरून शेंग फोडायची, फोलपटं बाजूला, दाणे मोजून वाटीत (दोन-चार तोंडात, बाई बघून न बघितल्यासारखं करत होत्या). पेन्सिल धरायला हीच चिमटीची ताकद लागते, वर मोजणीही होते. घरी मटार सोलायला, कणकेच्या गोळ्या करायला बसवलं तरी चालतं. आणि हो, फॉर्म भरण्याआधी संडास आणि नळ बघाच. नळ पोरांच्या उंचीचा नसेल तर डब्याआधी हात धुतले जात नाहीत, बाकी माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो.