पंचविशीनंतरचे मुरुम : आधी ताट बदलावे की आधी डॉक्टर गाठावा?

राजारामपुरी सातवी गल्ली :
‘तारुण्यपीटिका’ या नावामुळे मुरुम हे विशीच्या आतच येऊन जाणारे दुखणे आहे, असा समज होतो. माझ्या जबड्याच्या कडेला आणि हनुवटीवर ते एकतिसाव्या वर्षी आले. आत गाठ असलेले, बोट लागले तरी ठणकणारे, आणि एक बसतो न बसतो तोच शेजारी दुसरा. घरात एकच निदान होते : उष्णता. तांबडा रस्सा बंद, मिसळ बंद, असे सहा महिने मी काढले आणि काडीचाही फरक पडला नाही.

फरक पडला तो वेगळ्याच गोष्टींनी. दोन-दोन चमचे साखरेचा दिवसाला पाच कप चहा मी दोन कपांवर आणला आणि तोही बिनसाखरेचा केला. सकाळचा पाव आणि चारची बिस्किटे सोडून ज्वारीची भाकरी आणि उसळ धरली, मध्यरात्रीपर्यंत मोबाईल पाहत बसणे थांबवले, दुचाकीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ रोज धुऊ लागले. दर रविवारी सकाळी खिडकीच्या उजेडात आरसा धरून फोड मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा, असा नेम ठेवला. पहिल्या रविवारी १९ होते, चौदाव्या रविवारी ६.

यामागचे शास्त्र समजण्यासारखे आहे. साखर आणि मैद्याने रक्तातील साखर झटकन चढते, तिच्यामागोमाग इन्सुलिन आणि आयजीएफ-१ हा वाढीचा घटक वाढतो, त्यामुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल सोडतात आणि रंध्राचे तोंड बुजण्याची शक्यता वाढते. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४३ तरुणांपैकी काहींना १२ आठवडे साखर हळू चढवणारा आहार दिला, तेव्हा त्यांचे मुरुम दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाले. म्हणूनच माझे आग्रहाचे म्हणणे आहे की, प्रौढ वयातल्या मुरुमांत पहिला मान आहाराला आणि दिनक्रमाला द्यावा. जाता जाता आपल्या कोल्हापुरापुरते एक सांगते : चहात साखरेऐवजी गूळ घातला म्हणून तो निर्दोष होत नाही, गुळातही मुख्यतः साखरच असते.

शाहूपुरीकर :
ताई, आपल्याला गुण आला याचा मनापासून आनंद आहे, पण ‘पहिला मान’ या दोन शब्दांना माझा ठाम विरोध आहे, कारण त्याच दोन शब्दांवर मी चार वर्षे घालवली. साखर सोडली, दूध सोडले, सकाळी उपाशीपोटी कडुलिंबाचा रस घेतला. नवा फोड आला की आदल्या दिवशी आपण काय खाल्ले, हे मी गुन्हा शोधावा तसे शोधत असे. लग्नाच्या जेवणात जिलेबीचा एक तुकडा खाल्ला तर आठवडाभर मन खात असे. पाळी दोन-दोन महिने पुढे जात होती, हनुवटीवर राठ केस येत होते, आणि त्या दोन्ही गोष्टींचा मुरुमांशी संबंध असेल हे कोणीच बोलले नाही. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न पाळीचाच विचारला. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी झाली, पीसीओएस, म्हणजे स्त्रीच्या अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, निघाले, औषधे सुरू झाली आणि पाच महिन्यांत फोड थांबले. गालावरचे खड्डे मात्र राहिले. ते त्या चार वर्षांत पडलेले आहेत.

आपण सांगितलेल्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भागही वाचकांसमोर यायला हवा. आहार बदललेल्या गटात सरासरी सुमारे २३ फोड कमी झाले हे खरे, पण नेहमीचे जेवण घेणाऱ्या गटातही सुमारे १२ कमी झालेच होते. म्हणजे मुरुम काही प्रमाणात आपोआप चढतात-उतरतात. शिवाय पहिल्या गटाचे वजनही उतरले होते, तेव्हा श्रेय आहाराचे की वजनाचे, हे वेगळे करता येत नाही. आणि त्यात भाग घेणारे सगळे १५ ते २५ वयाचे मुलगे होते. तिशीतल्या स्त्रीला तो निष्कर्ष जसाच्या तसा कसा लावायचा? अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहाराविषयी शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असेच म्हटले आहे.

तालमीतला :
साखरेबद्दल वाद नाही. पण शाहूपुरीच्या ताईंनीही दूध सोडले होते, म्हणून लिहितो. गंगावेशेतल्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून मिळणारे धारोष्ण दूध पिऊन आमच्या दोन पिढ्या वाढल्या. दुधाविरुद्ध ज्या मोठ्या पाहणीचा दाखला देतात, ती २००५ सालची, सुमारे ४७ हजार परिचारिकांची. त्यांना आपल्या शाळकरी वयातले खाणे आठवून सांगायला लावले होते. तशा आठवणीवर मी तरी दूध सोडणार नाही. मात्र व्हे प्रोटीनच्या, म्हणजे दुधातूनच काढलेल्या प्रथिनांच्या पुडीच्या, डब्याबद्दल मी सावध झालो आहे. आमच्यातल्या दोघा पोरांच्या पाठीवर आणि खांद्यावर डबा सुरू केल्यावर महिन्याभरात फोड आले आणि बंद केल्यावर ओसरले. दोघांवरून नियम होत नाही, परंतु ज्याला असे दिसेल त्याने डबा थांबवून पाहावा.

उद्यमनगर :
दिनक्रम म्हणजे फक्त झोप आणि भाकरी, असे येथे धरले जात आहे. मी लेथवर काम करतो. कटिंग ऑइलचे तुषार दिवसभर हातावर उडतात आणि तेलाने भिजलेली पँट मांडीला चिकटून राहते. माझे फोड नेमके तिथेच, मनगटापासून कोपरापर्यंत आणि मांड्यांवर. आईने वर्षभर माझे शेंगदाणे बंद केले होते! उपाय निघाला तो एवढाच की कामाचे कपडे रोज बदलायचे, शिफ्ट सुटल्याबरोबर साबणाने हात धुवायचे आणि तेलाचा बोळा खिशात ठेवायचा नाही. तेव्हा ताटाकडे पाहण्याआधी माणूस आठ तास कशात उभा असतो, ते पाहावे.

राजारामपुरी सातवी गल्ली :
उद्यमनगरच्या दादांचा मुद्दा मला पूर्ण पटला. शाहूपुरीच्या ताई, आपला मात्र अर्धाच पटला, आणि तोही मी लपवणार नाही. मी साखर, पाव, झोप आणि स्कार्फ हे सगळे एकाच आठवड्यात बदलले. त्यामुळे १९ चे ६ कशाने झाले, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. ‘पहिला मान’ हे शब्द मी मागे घेते.

पण मी ते का लिहिले, तेही ऐका. आपल्याकडे लोक ताट आणि डॉक्टर यांच्यामध्ये तिसरीकडेच जातात. माझ्या शेजारणीने औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, गोरेपणाची म्हणून एक ट्यूब आणली. पहिले पंधरा दिवस चेहरा नितळ दिसला. तीन महिन्यांनी कातडी पातळ होऊन लाल झाली, उन्हात जाळ होऊ लागला, आणि ट्यूब थांबवताच पूर्वीपेक्षा दुप्पट फोड आले. त्यात स्टेरॉइड होते. त्यापेक्षा बिनसाखरेचा चहा शतपटीने बरा, कारण त्याने कोणाचा चेहरा जळत नाही.

शाहूपुरीकर :
त्या ट्यूबबद्दल आपले एकमत आहे. मी स्वतः चहात अजूनही साखर घेत नाही, कारण पीसीओएसमध्ये इन्सुलिन आटोक्यात ठेवण्यासाठी तज्ज्ञांनीच तसे सांगितले आहे. माझा आक्षेप वाट पाहण्याला आहे. गाठीचे दुखरे फोड असतील, एखादा जरी खड्डा पडू लागला असेल किंवा पाळी अनियमित असेल, तर आहार जरूर बदलावा, पण त्याच आठवड्यात तज्ज्ञांची वेळही घ्यावी. मूल हवे असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे, कारण मुरुमांवर दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनसारख्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग येऊ शकते.

आता एक थेट विचारते, राग मानू नका. आपले फोड जबड्यावरचे, गाठीचे आणि दुखरे होते असे आपण लिहिले आहे. उरलेल्या सहांचे काय? आणि पाळीचे?

राजारामपुरी सातवी गल्ली :
राग कसला. ते सहा गेल्या पाच रविवारांपासून सहाच आहेत. पाळीच्या तारखा वहीत लिहिल्या नव्हत्या. आपला प्रश्न वाचल्यावर कॅलेंडर काढून आठवून आठवून मांडल्या, तर गेल्या तीन खेपांचे अंतर ३८, ४४ आणि ४१ दिवस निघाले. गुरुवारी संध्याकाळची वेळ घेतली आहे. वही बरोबर नेणार आहे.