मदत हवी आहे: फिशर (फुप्फुसाच्या खंडांमधली फट) कापताना पॉवर्ड स्टेपलर (टाके घालत कापणारं मोटरचं यंत्र) मध्येच थांबतो

व्हॅट्स लोबेक्टॉमी (दुर्बिणीतून फुप्फुसाचा एक खंड काढणं), एम्फिसीमाचं (हवेच्या पिशव्या खराब होऊन फुगलेलं) फुप्फुस, फिशर अपूर्ण, म्हणजे खंड एकमेकांना जोडलेले: हायलमकडे (रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका आत शिरतात तिथे) जाड, कडेला फुगीर आणि पातळ. 60 मिमीचं जांभळं रीलोड (टाक्यांचं काडतूस; टाक्यांची उंची 3, 3.5, 4 मिमी) लावून, जबडा मिटून 15 सेकंद थांबलं तरी मोटर आधी मंदावते, मग अडते. जबड्यात क्लिप किंवा जुना टाका नाही, हे नीट पाहिलंय. यंत्र ताण मोजूनच वेग ठरवतं, त्यामुळे ऊतक जाड आहे हा त्याचा इशारा मला खरा वाटतो. बटण दाबून पुढे रेटणं नकोच. पण काळं रीलोड (4, 4.5, 5 मिमी) घेतलं की पातळ भागात टाके सैल बसतात. फुप्फुस पाण्याखाली ठेवून 20 सेंमी (पाण्याच्या) दाबाने हवा भरली की बुडबुडे येतात ते नेमके दोन फायरिंग (टाके मारण्याच्या फेऱ्या) एकमेकांवर चढतात त्या कोपऱ्यातून. हायलमकडे काळं आणि कडेला जांभळं, असे 45 मिमीचे टप्पे घ्यावेत का? की सगळीकडे काळं लावून त्यावर बट्रेस (टाक्यांच्या रेषेला आधार देणारी पट्टी)? अनुभवी सर्जननी कृपया सांगावं.