मदत हवी आहे: टिळकांचा अभंग आणि ड्रमचा ठेका

जय ख्रिस्त मंडळी! बहीण गाते, मी गिटार वाजवतो. नाताळसाठी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा एक अभंग रॉकमध्ये बसवतोय. टिळक १९१९ साली वारले, त्यामुळे शब्दांच्या हक्काचा प्रश्न नाही. अडलंय ते चालीत.

आमच्या चर्चच्या मंडळीतली चाल भीमपलास रागाच्या अंगाची, गंधार कोमल. पूर्ण कॉर्ड वाजवली की बहिणीची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) दबायची, म्हणून फक्त सा-प ठेवून पॉवर कॉर्ड घेतल्या. ते छान जमलं! पण भजनी ठेक्याच्या आठ मात्रांवर ड्रम आला की सगळा डोलच जातो. आजी या अभंगाला टाळ धरते, तिचे टाळ सुटता कामा नयेत. ढोलकी पुढे आणून ड्रम फक्त शेवटच्या कडव्याला घ्यावा का? कुणी असं बसवलं असेल तर कृपया सांगा.