गेहिन्नोम: बारा महिन्यांची शिक्षा

काहीजण म्हणतात की ज्यू धर्मातही पापी माणूस कायमचा नरकात जळतो. सरसकट तसं नाही. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात रब्बी (धर्मगुरू) अकिवा स्पष्ट सांगतात, गेहिन्नोममध्ये, म्हणजे ज्यूंच्या नरकात, दुष्टांना शिक्षा बारा महिने. रब्बी योहानान बेन नूरी तर ती वल्हांडणाच्या सणापासून शाबुओतच्या सणापर्यंत, म्हणजे जेमतेम सात आठवड्यांवर आणतात!

मला सगळ्यात भिडतो तो मधल्या माणसांबद्दलचा वाद, ज्यांचं पाप-पुण्य तराजूत सारखंच भरतं. शम्माय आणि हिल्लेल या दोन जुन्या ज्यू गुरूंच्या परंपरांमधला हा वाद. शम्मायच्या परंपरेचं मत असं की ते खाली जातात, आक्रोश करतात आणि पुन्हा वर येतात. हिल्लेलची परंपरा म्हणते, देव दयाळू आहे, तो पारडं दयेकडेच झुकवतो. तुम्हीआम्ही बहुतेक याच गटातले, म्हणून हे मत मला फार मोलाचं वाटतं.

अर्थात सगळ्यांनाच सुटका नाही. धर्मद्रोही आणि चुगली करून आपल्याच लोकांना पकडून देणारे यांच्यावर गेहिन्नोमचं दार बंद होतं आणि शिक्षा पिढ्यानपिढ्या चालते, असं तोसेफ्ता या मिश्नाला पूरक असलेल्या ग्रंथात आहे.

पुढच्या काळात मुलं वारलेल्या आईवडिलांसाठी कद्दिश ही प्रार्थना अकराच महिने म्हणू लागली. बारा महिन्यांची शिक्षा दुष्टांची, तेव्हा पूर्ण बारा महिने म्हटलं तर आपले आईवडील दुष्ट होते असं कबूल केल्यासारखं होईल, म्हणून.