वकीलकाकांसाठी खाडीत फेरी: रविवार कोणता?

मंडळी,
काकूंशी काल बोललो. ऐरोलीहून होडी काढायला त्यांची ना नाही. अस्थी वगैरे काही नाही, ते नाशिकला उरकलंय. खाडीत जायचं, तिथल्या चार जणांनी दोन शब्द बोलायचे, आपण इथून झूमवर. वेळ तेवढी पक्की करू. मी पौष शुद्ध सप्तमीचा रविवार धरलाय. तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ: सातची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे भरती तिथल्या संध्याकाळी सव्वापाचला, आपल्याकडे पावणेबारा. सगळ्यांना जमावं. (हिशोब काकांचाच. भरतीचं छापील कोष्टक खिशात असलं तरी ते आधी कालनिर्णय बघायचे.)
सुहास, हॅरो (लंडन)

---

सुहास, हे कार्यकारिणीत कधी ठरलं? श्रद्धांजली सभेच्या हॉलची अनामत मी भरून बसले आहे. मंडळाच्या नावाने कार्यक्रम असेल तर आधी सूचना फिरवावी लागते, आणि ते कलम काकांनीच घटनेत घातलंय. खाजगी करत असाल तर खुशाल करा.
नीलिमा (सचिव)

---

नीलिमाताई, कलम घातलं त्यांनी, मोडलंही त्यांनीच. वारा चांगला सुटलाय म्हणून ‘विषय क्रमांक चार पुढील सभेत’ करून क्वीन मेरी जलाशयावर गेले होते, विसरलात का? त्या दिवशी होडीवर दुसरा माणूस मीच. त्यांची एंटरप्राइझ, तेरा फुटी, निळ्या शिडांची. शर्यतीत वळसा घेताना आम्ही डाव्या बाजूने वारा घेत होतो आणि समोरचा उजव्या. हक्क त्याचा. आमच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, त्याला हलकीच घासली. त्याच्या लक्षातही आलं नसेल. मी म्हटलं, काका, कोणी पाहिलं नाही. ते म्हणाले, “मी पाहिलं ना.” आणि होडी दोन पूर्ण गिरक्या फिरवली, शिक्षा म्हणून. शेवटून पहिले आलो. घरी येताना गाडीत मात्र सगळा वेळ समोरच्याने वाट कशी आधी सोडायला हवी होती यावर युक्तिवाद!
राजन

---

राजन, शेवटून दुसरे. मी किनाऱ्यावर होते.
मंजिरी

---

सगळ्यांना नमस्कार. सुहासने मला यादीत घेतलं म्हणून लिहितोय. ठाणे कोर्टात मी वकीलसाहेबांचा ज्युनियर होतो, ते तिकडे यायच्या आधी.

सप्तमी डोक्यातून काढून टाका. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, पाणी धड चढत नाही. शिवाय ऐरोली खाडीच्या आत, तिथे भरती मुंबईपेक्षा उशिराच लागते. म्हणजे परतेपर्यंत मिट्ट काळोख, आणि ओहोटीत सापडलात तर होडी चिखलात रुतून बसेल. होडीवाले दिवेलागणीनंतर कोणाला नेणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पुढचा रविवार घ्या, चतुर्दशीचा. चौदाची पाऊणपट साडेदहा, लख्ख ऊन, उधाणाचं भरपूर पाणी. ओढ जास्त असेल, पण होडीला इंजिन आहे. रोहित पक्षीही असतील. मात्र अभयारण्याचा भाग आहे, २०२२ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. ड्रोन नको, प्लॅस्टिकमधली फुलं नकोत, आणि जवळ जायचा हट्ट तर अजिबात नको.

साहेब शीड धरायला शिकले ते इथेच, ही गोष्ट तिकडे कोणाला ठाऊक नसेल. १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट त्यांना तोंडपाठ, त्यामुळे भाडेकरूंची रांग असायची. विटाव्याचा एक अशील होता, जागेची केस, फी द्यायला पैसे नाहीत. तो रविवारी यांना होडीतून न्यायचा. निकाल आपल्या बाजूने लागला तरी साहेब फीबद्दल बोलले नाहीत, पुढचे रविवारही जातच राहिले. सोमवारी कोर्टात आले की तळहात दोरीने सोललेले असायचे, अर्जावर सही करताना पेन नीट धरता येत नसे.
श्रीधर, नौपाडा

---

साडेदहा म्हणजे आपले पहाटेचे पाच! पहाटे पाचला, जानेवारीत, कोण उठणार आहे? शिवाय पौषात कशाला?
विद्या

---

विद्या, लग्न नाहीये ते. काकांसाठी मी उठेन. नाहीतर रेकॉर्डिंग बघा.
मंजिरी

---

श्रीधरजींचं म्हणणं मान्य, चतुर्दशी पक्की. नीलिमाताई, दुपारी हॉलमध्ये तेच रेकॉर्डिंग दाखवू, म्हणजे मंडळाचाही कार्यक्रम होईल आणि अनामतही वाया जाणार नाही.
सुहास

---

चालेल. सूचना मी फिरवते. चहाचं राजनने बघावं.
नीलिमा (सचिव)

---

चहा बघतो. वेगळा मुद्दा: एंटरप्राइझचं पुढचं छोटं निळं शीड माझ्या गॅरेजमध्ये पडून आहे. काकूंना ते हवंय, त्या दिवशी होडीत सोबत न्यायला. पुढच्या महिन्यात ठाण्याला कोण जातंय? वजन काही नाही, पण घडी घालायची नाही, गुंडाळूनच न्यायचं. म्हणजे लांबट पुंगळी होईल.
राजन

---

मी जातोय, त्या रविवारच्या आधीच. पण सासूबाईंचा प्रेशर कुकर आणि दोन हीटर आधीच बॅगेत आहेत. किती लांब ते टेपने मोजून कळव, इंचात.
अभय